'सिटी लाइट्स' : दारिद्र्य, प्रेम आणि आशा
(एक रसग्रहण)

कोणत्याही कलाकृतीतून दारिद्र्याचे चित्रण करताना कलावंतापुढे दोन धोके उभे असतात. गरिबांचे हाल दाखवून प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी काढायचे, हा पहिला धोका. आणि खरे सुख झोपडीतच नांदते, श्रीमंताच्या वाड्यात प्रेम नसते, असे सांगून प्रेक्षकाला गोंजारायचे, हा दुसरा. पहिल्या प्रकारात गरीब माणूस दयेचा विषय होतो, दुसऱ्यात तो कौतुकाचा विषय होतो. माणूस म्हणून तो दोन्हीकडे उरत नाही. आपल्याकडचे आणि परदेशांतले कितीतरी चित्रपट या दोहोंपैकी एका खड्ड्यात पडलेले दिसतात. चार्ली चॅप्लिनचा १९३१ सालचा 'सिटी लाइट्स' हा चित्रपट मात्र या दोन खड्ड्यांमधल्या अरुंद वाटेवरून शेवटपर्यंत चालत जातो. तो तोल कसा सांभाळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चॅप्लिनचे नाव काढताच ढगळ विजार, फताडे बूट, वेताची काठी आणि टिचभर मिशी असे एक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते आणि त्याबरोबर हसू येते. पण या हास्याच्या मुळाशी काय आहे, याचा विचार सहसा होत नाही. म्हणून प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहणे इष्ट ठरेल.

पार्श्वभूमी

चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा. बालपण गेले ते लंडनच्या गरीब वस्तीत. आईवडील दोघेही रंगमंचावर गाणारे कलावंत होते. वडील दारूच्या आहारी गेले. आईचे गाणे सुटले आणि पुढे तिला मनोविकाराने गाठले. वयाच्या सातव्या वर्षी या मुलाला लॅम्बेथ येथील निराधारांच्या श्रमगृहात जावे लागले. तेव्हा भूक, थकलेले घरभाडे, दाराशी येणारा घरमालकाचा माणूस या गोष्टी चॅप्लिनने पुस्तकात वाचलेल्या नव्हत्या. पुढे तो जगातील सर्वांत प्रसिद्ध नट झाला, आईला त्याने अमेरिकेत आणले आणि तिथेच ऑगस्ट १९२८ मध्ये तिचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'सिटी लाइट्स'चे चित्रीकरण सुरू झाले. ते पुढे जवळजवळ दोन वर्षे चालले.

हा काळ चित्रपटसृष्टीच्या दृष्टीने उलथापालथीचा होता. १९२७ च्या अखेरीस 'द जॅझ सिंगर' झळकला आणि पडदा बोलू लागला. दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील मूकपटांचा बाजार उठला. चॅप्लिनने मात्र आपला भटक्या बोलणार नाही, असे ठरवले. त्याची भाषा शरीराची होती आणि ती लंडनला, टोकियोला आणि मुंबईला सारखीच कळत होती. त्याच्या तोंडी इंग्रजी घातली असती, तर तो एका देशाचा झाला असता. म्हणून 'सिटी लाइट्स' हा मूकाभिनयाचा चित्रपट राहिला. ध्वनिपट्टीवर फक्त संगीत व काही आवाज आले. हे संगीतही बहुतांशी चॅप्लिनचेच आहे. फुलवालीसाठी वापरलेली धून तेवढी स्पॅनिश संगीतकार होसे पादिया याच्या 'ला व्हिओलेतेरा' या गीतावरून घेतलेली आहे.

३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिस येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला. त्या रात्री चॅप्लिनबरोबर आल्बर्ट आइन्स्टाइन उपस्थित होते. याच वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपला पडदा जेव्हा पहिला शब्द उच्चारत होता, त्याच सुमारास मूकाभिनयाचा हा सर्वश्रेष्ठ कलावंत शब्दांवाचून किती सांगता येते, ते दाखवत होता.

आणखी एक संदर्भ आवश्यक आहे. चित्रीकरण चालू असतानाच, ऑक्टोबर १९२९ मध्ये, अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा लाखो माणसे बेकार झालेली होती. चित्रपटात मंदीचा उल्लेख नाही. पण थकलेले भाडे आणि सुटलेली नोकरी यांचा अर्थ त्या वेळच्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कथानक

कथानक थोडक्यात असे. एका मोठ्या शहरात एक बेघर भटक्या आहे. त्याला नाव नाही. रस्त्याच्या कडेला फुले विकणारी एक आंधळी मुलगी त्याला भेटते आणि गैरसमजाने त्याला कुणी धनिक समजते. त्याच रात्री नदीकाठी आत्महत्या करू पाहणाऱ्या एका लक्षाधीशाला तो वाचवतो. हा लक्षाधीश दारूच्या नशेत असला की भटक्याला गळ्याशी धरतो. नशा उतरली की त्याला ओळखही देत नाही आणि घराबाहेर काढतो. मुलगी आजारी पडते, तिच्या घराचे भाडे थकते. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने अंधत्वावर इलाज शोधल्याची बातमी भटक्या वर्तमानपत्रात वाचतो. पैसे मिळवण्यासाठी तो रस्ते झाडतो, मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरतो. अखेर नशेतला लक्षाधीश त्याला हजार डॉलर देतो. पण त्याच वेळी घरात दरोडेखोर शिरलेले असतात, लक्षाधीशाच्या डोक्यावर फटका बसतो आणि शुद्धीवर आल्यावर त्याला काहीच आठवत नाही. चोरीचा आळ भटक्यावर येतो. तो पळतो, पैसे मुलीच्या हाती देतो आणि तुरुंगात जातो. काही महिन्यांनी फाटक्या कपड्यांत तो सुटून येतो, तेव्हा मुलीला दृष्टी आलेली असते आणि तिचे स्वतःचे फुलांचे दुकान असते.

एवढ्यावरून ही एक साधी, किंबहुना भाबडी कथा वाटेल. चित्रपटाचे मोठेपण कथेच्या मांडणीत शोधावे लागते.

पहिली भेट

भटक्या आणि फुलवाली यांची पहिली भेट चॅप्लिनने शेकडो वेळा चित्रित केली. त्याची अडचण एकच होती. आंधळ्या मुलीला हा भिकारी श्रीमंत वाटावा कसा? मूकपटात ती तसे बोलू शकत नाही, आणि तो तसे भासवू लागला तर तो लबाड ठरेल. महिनोन्महिने अडून राहिल्यावर त्याला सापडलेले उत्तर अगदी सोपे आहे. रस्त्यात गाड्यांची गर्दी आहे. पोलिसाला चुकवण्यासाठी भटक्या एका उभ्या मोटारीत एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. दार लागल्याचा आवाज मुलीला ऐकू येतो आणि मोटारीतून उतरलेला म्हणजे श्रीमंत, असे ती समजते. तो आपल्याकडचे शेवटचे नाणे तिला देतो. ती सुटे पैसे परत करणार, एवढ्यात कुणी दुसराच माणूस मोटारीत बसतो, दार लागते, गाडी निघते. गिऱ्हाईक सुटे पैसे न घेता गेले, असे तिला वाटते. भटक्या तिथेच उभा आहे. आता हात पुढे केला, तर तिचे स्वप्न मोडेल. तो चवड्यांवर हळूच मागे सरकतो.

या दोन मिनिटांत सगळा चित्रपट बीजरूपाने आलेला आहे. भटक्याने खोटे काही सांगितलेले नाही. खोटे मोडायचे तेवढे टाळले आहे, आणि त्याची किंमत त्याच्या खिशातले शेवटचे नाणे आहे. यानंतर तो थोड्या अंतरावर बसून तिच्याकडे टक लावून पाहतो. ती फुलांचे भांडे विसळते आणि ते पाणी नेमके त्याच्या तोंडावर फेकते. इथे चॅप्लिनची खरी ताकद दिसते. भावना ओली होऊ लागली की तो स्वतःच तिच्यावर पाणी ओततो. प्रेक्षक हसतो, आणि हसल्यामुळेच पुढच्या दुःखाला त्याचे मन मोकळे राहते.

पैसा मिळवण्याच्या वाटा

चित्रपटाच्या मध्यभागाकडे एक विनोदी प्रसंगमालिका म्हणून पाहिले जाते. पण त्यामागे एक कठोर तर्क आहे. मुलीच्या घराचे थकलेले भाडे बावीस डॉलर आहे. ही लहानशी रक्कम उभी करण्याच्या जितक्या वाटा गरिबाला असतात, तितक्या सर्व चॅप्लिन एकामागून एक तपासून पाहतो.

पहिली वाट कष्टाची. भटक्या रस्ते झाडण्याची नोकरी धरतो. खेचरांचा कळप येताना पाहून तो दुसऱ्या रस्त्याने जातो, तर समोरून हत्ती! प्रेक्षागृह हसते. पण जेवणाच्या सुट्टीत मुलीकडे जाऊन परतायला उशीर झाला, एवढ्यावर त्याची नोकरी जाते. दुसरी वाट अंगावर मार घेण्याची. मुष्टियुद्धात हरजीत संगनमताने ठरलेली असते, पैसे निम्मे-निम्मे वाटायचे असतात. पण ऐनवेळी जोडीदार पोलिसांच्या भीतीने पळतो आणि खराखुरा मल्ल समोर येतो. पंचाच्या पाठीमागे लपत नाचणारा चार्ली पाहून आपण हसतो. हसताना विसरतो की हा माणूस भाड्यासाठी मार खातो आहे. तिसरी वाट श्रीमंताच्या मर्जीची. ती एकटीच फळते, पण त्या फळात तुरुंग दडलेला असतो.

कष्टाने पोट भरत नाही, जुगारात मार मिळतो आणि दान घेतले तर चोर ठरावे लागते. चॅप्लिनने हे कुठेही भाषण करून सांगितलेले नाही. आरंभी एका पुतळ्याचे अनावरण आहे. पुतळ्याचे नाव 'शांती आणि समृद्धी'. पडदा वर जातो, तो पुतळ्याच्या मांडीवर हा बेघर माणूस झोपलेला! वक्त्यांची भाषणे म्हणजे पिपाणीसारखे निरर्थक आवाज. बोलपटाची थट्टा आणि समृद्धीची थट्टा अशा दोन्ही गोष्टी एका दृश्यात उरकलेल्या आहेत. भाषण पुढाऱ्यांना शोभते, चॅप्लिनला त्याची गरज नाही.

सवय न सुटणारी गरिबी

विनोदातून दारिद्र्य कसे व्यक्त होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. लक्षाधीशाने नशेत दिलेली रोल्स-रॉइस गाडी भटक्या चालवतो आहे. सिगारेट ओढायची लहर येते, पण खिसा रिकामा. तो एका सिगार ओढणाऱ्या माणसाच्या मागे हळूहळू गाडी चालवतो. त्या माणसाने थोटूक फेकताच गाडीतून उडी मारून, तेच थोटूक उचलू पाहणाऱ्या दुसऱ्या भिकाऱ्याला बाजूला ढकलून, ते घेऊन गाडीने निघून जातो. तो भिकारी आ वासून पाहत राहतो. गाडी मिळाली म्हणून गरिबी गेली नाही, आणि गरीब हा दुसऱ्या गरिबाशी नेहमी उदारच वागतो असेही नाही. 'गरीब तेवढे देवमाणूस' हा भाबडेपणा चॅप्लिन इथे स्वतःच खोडून काढतो.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. मुलगी लोकर गुंडाळते आहे आणि भटक्या तिला मदत करतो. तिच्या हाती चुकून त्याच्याच बनियनचा धागा येतो आणि ती तो ओढून गुंडी करू लागते. एका क्षणी त्याच्या ध्यानात येते. तो काय करतो? अंग चोरून, वळवळत, पूर्ण बनियन उसवू देतो. आपल्याजवळ द्यायला काही नसले तर माणूस अंगावरचे देतो, असे आपण नुसते बोलतो. इथे ते अक्षरशः घडते आणि आपण पोट धरून हसतो. प्रेमाचे असे चित्रण उपमा-उत्प्रेक्षांनी करता आले नसते.

दोन प्रकारचे अंधत्व

लक्षाधीश आणि फुलवाली या दोन व्यक्तिरेखा कथेत एकमेकींना कधी भेटत नाहीत, तरी त्या एकाच सूत्रात ओवलेल्या आहेत. लक्षाधीश भटक्याला मित्र म्हणतो ते नशेत. मुलगी त्याच्यावर प्रेम करते ती दृष्टी नसताना. याचा अर्थ असा की, शुद्धीवर असलेल्या आणि डोळस जगात या माणसाला ओळखणारे कुणीच नाही. ज्याला दिसते त्याला तो भिकारी दिसतो.

फुलवालीच्या बाबतीत तर चॅप्लिन अधिकच निष्ठुर प्रामाणिकपणा दाखवतो. तीही गरीब आहे, म्हणून ती गरिबावर प्रेम करते, असे त्याने दाखवलेले नाही. तिच्या मनातला माणूस देखणा, धनवान, मोटारीतून येणारा आहे. गरिबाचे स्वप्नही श्रीमंतांच्या दुकानातूनच आलेले असते. तेव्हा भटक्या जेव्हा तिच्या शस्त्रक्रियेसाठी धडपडतो, तेव्हा तो काय करतो आहे, ते नीट पाहिले पाहिजे. तिला दृष्टी आली की सर्वांत आधी तिला त्याचे खरे रूप दिसणार आहे. तो स्वतःच्याच प्रेमाच्या मुळावर घाव घालतो आहे. पैसे देताना एक नोट तो स्वतःसाठी ठेवतो; पण ती त्याच्या हाताचे चुंबन घेते, तेव्हा तीही काढून देतो. हा प्रसंग कथेत क्षणभराचा आहे, पण भटक्या देवदूत नाही, हे त्यातून कळते. एक नोट ठेवावीशी वाटणे आणि मग ती देणे, यातला माणूस आपल्या ओळखीचा आहे.

शेवटचा प्रसंग

आता चित्रपटाच्या अखेरीकडे वळू. तुरुंगातून सुटलेला भटक्या खंगला आहे, काठीही उरलेली नाही. पेपर विकणारी टारगट पोरे त्याची टर उडवतात. गटाराशी पडलेले एक फूल उचलताना त्याला दुकानाच्या काचेमागे ती मुलगी दिसते. ती त्याच्याकडे पाहून हसते आहे. तिच्या दृष्टीने तो एक गमतीदार भिकारी आहे, जो तिच्यावर भाळला आहे. प्रेक्षकाला इथे प्रथमच तिच्याबद्दल किंचित राग येतो. आणि लगेच कळते की ज्या हास्यात आपण दीड तास सामील होतो, तेच हास्य ती हसते आहे. आपणही त्याला असेच पाहत आलो.

ती त्याला एक ताजे फूल आणि एक नाणे देऊ करते. तो ओशाळून निघून जाऊ लागतो. ती बाहेर येऊन त्याचा हात धरते आणि नाणे तळव्यात ठेवते. आणि तिथे तिची बोटे थबकतात. हा हात तिला माहीत आहे. बोटे हातावरून बाहीवर, बाहीवरून खांद्यावर जातात. तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळते. तो तोंडापाशी फूल धरून, बोट दातांत चावत, लाज, भीती आणि आनंद यांनी भरलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहतो. अगदी मोजकी वाक्ये पडद्यावर उमटतात. तिला आता दिसते का, असे तो विचारतो. दिसते, असे ती सांगते. चित्र मावळते आणि चित्रपट संपतो.

पुढे काय झाले? ती त्याला स्वीकारते, की केवळ कृतज्ञतेने दुकानात बसवून जेवू घालते? चॅप्लिन सांगत नाही. व्हर्जिनिया चेरिल या नटीच्या चेहऱ्यावर ओळख आहे, कणव आहे, कदाचित निराशाही आहे. प्रेमाचा हर्ष आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही. अमेरिकन समीक्षक जेम्स एजी याने १९४९ साली या प्रसंगाची गणना चित्रपटकलेच्या सर्वोच्च क्षणांत केली, ती उगाच नव्हे.

एक आक्षेप

या चित्रपटावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप भावविवशतेचा आहे. आंधळी मुलगी, चमत्कारी डॉक्टर, अचानक हाती येणारे हजार डॉलर ही सर्व सामग्री स्वस्त नाटकाची आहे, आणि अशा कथांतून गरिबाला खोटी आशा लावली जाते, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे, आणि ते नाकारण्याची गरज नाही. परंतु दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. पहिली अशी, की या चित्रपटात दैवयोगाने मुलीची दृष्टी परत येते. भटक्याची परिस्थिती मात्र आरंभी होती त्याहूनही वाईट होते. चॅप्लिनने त्याला वारसाहक्काने इस्टेट मिळवून दिलेली नाही. दुसरी गोष्ट अशी, की इथे आशा भविष्याविषयी काही वचन देत नाही. ती एवढेच म्हणते की, ज्याला कुणी पाहत नव्हते त्याला एकदा, एका माणसाने, खऱ्या रूपात पाहिले. ही आशा फार लहान आहे. पण खोटी नाही.

या संदर्भात १९४८ सालच्या व्हित्तोरिओ दे सिका याच्या 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन चित्रपटाची आठवण होते. तिथेही नोकरीसाठी आवश्यक असलेली सायकल गमावलेला बाप अखेर स्वतः चोरी करू जातो आणि पकडला जातो. मालक त्याला सोडून देतो. अपमानित बाप रडत चालू लागतो, आणि लहानगा ब्रूनो आपला हात त्याच्या हातात देतो. सायकल मिळत नाही, नोकरीचे काय होईल ते कळत नाही. दोन्ही चित्रपटांची शैली पूर्णपणे भिन्न आहे. एक स्टुडिओत उभारलेले विनोदी नाट्य, दुसरे रोमच्या रस्त्यांवर चित्रित केलेले वास्तव. तरी दोघांनाही अखेर हाताचाच आधार घ्यावा लागला, हे लक्षणीय आहे. दारिद्र्य माणसाचा चेहरा झाकून टाकते. हात मात्र ओळखू येतो.

समारोप

चित्रपटाच्या युरोपातील प्रदर्शनानिमित्त चॅप्लिन जगप्रवासाला निघाला असता, सप्टेंबर १९३१ मध्ये लंडनच्या एका गरीब वस्तीत त्याची आणि महात्मा गांधींची भेट झाली. दोघांत यंत्रांविषयी बोलणे झाले. पुढे १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये चॅप्लिनने यंत्राच्या दातांत सापडलेला मजूर दाखवला. आपल्याकडे राज कपूरने 'आवारा' (१९५१) आणि 'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटांतून याच भटक्याला हिंदी पडद्यावर आणले. या परंपरेचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

आज हा चित्रपट आपल्यापैकी कुणालाही मोबाइलच्या पडद्यावर सहज पाहता येतो. त्याची भाषा कळण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा. कारण करुण आणि हास्य हे दोन रस एकत्र कसे नांदतात, हा आपल्या रसचर्चेतील प्रश्न इथे प्रत्यक्ष सोडवलेला सापडतो. आणि पाहून झाल्यावर एक गोष्ट स्वतःला विचारावी. महाविद्यालयाच्या फाटकापाशी बसणाऱ्या माणसाच्या हातावर आपण नाणे ठेवतो, तेव्हा आपली नजर कुठे असते? बहुधा नाण्यावर. फुलवालीची नजरही तिथेच होती. तिला ओळख पटली ती हाताला हात लागला तेव्हा.